बंद नस, तिसरा दिवस

"नस पूर्ण बंद आहे म्हणता ना जी, मग काऊन नाही उघडत?"

नागपूरच्या एखाद्या दवाखान्यात अँजिओग्राफी झाली की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात आणि पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवतात. त्या खोलीत हा प्रश्न हटकून येतो. पेशंट भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडचा असो, तुमसरचा असो की पवनीचा. पडद्यावर एक काळी रेघ वळणं घेत खाली उतरते आणि मध्येच तुटते. शंभर टक्के ब्लॉकेज. झटका येऊन चार-पाच दिवस उलटलेले असतात. पेशंट उठून बसलाय, छातीत दुखत नाही, घरून आणलेला भात खातोय. आणि डॉक्टर सांगतात, ही नस आता उघडायची गरज नाही, गोळ्यांवर ठेवू.

बाहेर आल्यावर कुजबुज सुरू होते. शेजारच्या कॉटवरच्या माणसाची नव्वद टक्के बंद होती, त्याला स्टेंट टाकला. आपली तर शंभर टक्के! म्हणजे एक तर डॉक्टरनं हात टेकले, नाही तर आपल्यापाशी पैसा नाही हे त्यानं ओळखलं. मग कुणी दुसऱ्या दवाखान्याचं नाव सुचवतो, कुणी एकरभर जमीन गहाण टाकायची भाषा करतो.

या कुटुंबाला कुणी सांगत नाही की नेमका हाच प्रश्न जगातल्या २,१६६ रुग्णांवर तपासून झाला आहे आणि त्याचं उत्तर २००६ साली छापून आलं आहे. उत्तर डॉक्टरच्या बाजूनं आहे. पण ते समजून घ्यायचं तर आधी पहिले काही तास समजून घ्यावे लागतात, कारण त्या तासांत हीच नस उघडणं म्हणजे जीव वाचवणं असतं.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या दोन, उजवी आणि डावी. डावी लगेच दुभंगते, म्हणून व्यवहारात तीन धरतात. प्रत्येकीचा इलाका ठरलेला. भंडाऱ्यात धान करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा एक पाट ठरावीक बांध्यांनाच पाणी देतो, तो बुजला तर पलीकडच्या पाटाचं पाणी आपोआप इकडे येत नाही. थोडं झिरपतं, पण धान जगेल इतकं नाही. हृदयातही शेजारच्या वाहिन्यांकडून असं बारीक झिरपणं चालतं. कुणाकडे ते बऱ्यापैकी असतं, कुणाकडे नावापुरतं, आणि झटका आलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य काही अंशी या झिरपण्यावर ठरतं.

नस बुजते ती मात्र पाटासारखी हळूहळू गाळ साचून नव्हे. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर वर्षानुवर्षं वाढत असतो. एक दिवस त्याच्यावरचा पातळ पापुद्रा फाटतो आणि जखम समजून शरीर तिथे रक्ताची गुठळी करतं. अर्धीच अरुंद असलेली वाहिनी अशी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊ शकते. "मागच्या महिन्यात तर ईसीजी नॉर्मल होता" असं घरचे म्हणतात ते खोटं नसतं. ईसीजीला फाटण्याआधीचा पापुद्रा दिसत नाही.

गुठळीनं वाहिनी बंद झाली की वीस-तीस मिनिटांत स्नायू मरायला लागतो. तो एकदम मरत नाही. आतल्या थरापासून सुरुवात होते आणि मरण बाहेरच्या थराकडे सरकत जातं. रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयावर हे मोजलं. वाहिनी चाळीस मिनिटं बांधून सोडली तर बराच भाग वाचतो, तीन तासांनी सोडली तर कमी, सहा तासांनी सोडली तर वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. माणसात, झिरपण्याच्या कृपेनं, ही मुदत काहींना बारा तासांपर्यंत मिळते. त्यानंतर मेलेल्या स्नायूच्या जागी डाग तयार व्हायला लागतो. डाग म्हणजे चामडं. ते फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही.

धान निसवायच्या वेळी पाणी तुटलं आणि बांधीला भेगा पडल्या, तर पहिल्या दिवशी पाणी सोडून उपयोग आहे. धान करपून गेल्यावर नहर कितीही भरून वाहिला तरी लोंबी भरत नाही. शेतकऱ्याला हे कळतं. मात्र स्वतःच्या बापाच्या छातीबद्दल बोलताना तोच शेतकरी पाणी सोडा म्हणून हट्ट धरतो, आणि त्यात त्याला हसण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनीही अनेक वर्षं हाच हट्ट धरला होता.

१९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी लिहिलं की हृदयाची वाहिनी गुठळीनं बंद होऊनही माणूस जगू शकतो. त्यानंतर कित्येक दशकं उपचार एकच, अंथरुणावर पडून राहा. गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, यावरही वाद होता. १९८० साली अमेरिकेतल्या स्पोकेनच्या मार्कस डिवूड यांनी धाडस करून झटक्याच्या ऐन भरात अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत आलेल्या १०० पैकी ८७ जणांची वाहिनी पूर्ण बंद सापडली. वाद मिटला आणि गुठळी विरघळवायची शर्यत सुरू झाली. १९८६ साली इटलीत जवळपास बारा हजार रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेज यशस्वी ठरलं. १९८८ साली १७,१८७ रुग्णांच्या 'आयसिस-२' चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन एकत्र दिल्यानं पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. (या चाचणीची एक गंमत डॉक्टर मंडळी अजून सांगतात. आकडेवारीचे नको तितके तुकडे पाडायला सांगणाऱ्यांना धडा म्हणून संशोधकांनी रुग्णांच्या राशींप्रमाणे तक्ता छापला. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिन लागू पडत नाही असा निष्कर्ष निघाला!)

दरम्यान १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुएनत्झिग यांनी ३८ वर्षांच्या एका माणसाची अरुंद वाहिनी बारीक फुग्यानं रुंद केली होती. अँजिओप्लास्टी जन्माला आली होती. पुढे स्टेंट आले, ज्यांना आपल्याकडे कुणी जाळी म्हणतं, कुणी स्प्रिंग. हातात असं हत्यार आल्यावर एक तर्क सगळ्यांना पटला. उघडी वाहिनी बंद वाहिनीपेक्षा चांगलीच असणार, मग ती केव्हाही उघडा. उशिरा उघडली तरी डाग पातळ होऊन फुगणार नाही, हृदयाचे ठोके बिघडणार नाहीत, पुढे दुसरी वाहिनी बंद पडली तर इकडून मदत होईल. यातलं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं आहे. त्या पटण्यावरच हजारो अँजिओप्लास्टी झाल्या.

न्यूयॉर्कच्या ज्युडिथ हॉकमन यांनी हे पटणं तपासायचं ठरवलं. चाचणीचं नाव 'ऑक्लुडेड आर्टरी ट्रायल'. झटक्यानंतर तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांत असलेले, वाहिनी पूर्ण बंद असलेले, पण आता स्थिर झालेले २,१६६ रुग्ण निवडले. छाती दुखत नाही, रक्तदाब कोसळलेला नाही, तिन्ही वाहिन्या खराब नाहीत, असे. म्हणजे आपल्या त्या भात खाणाऱ्या पेशंटसारखेच. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाची वाहिनी उघडून बहुतेकांना स्टेंट टाकला, दुसऱ्याला नाही. गोळ्या मात्र दोघांनाही उत्तम.

चार वर्षांच्या हिशेबात मृत्यू, पुन्हा झटका किंवा हृदय गंभीरपणे निकामी होणं, यांपैकी काही ना काही वाट्याला आलेले लोक स्टेंटच्या गटात १७.२ टक्के निघाले, नुसत्या गोळ्यांच्या गटात १५.६ टक्के. फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीनं नगण्य. उलट पुन्हा झटका येण्याचं प्रमाण स्टेंटच्या बाजूला किंचित जास्तच होतं. स्टेंटवाल्यांना सुरुवातीला छातीत दुखणं थोडं कमी होतं, पण तो फायदाही पुढे विरत गेला. नंतर सरासरी सहा वर्षं, काहींचा तर नऊ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. निकाल बदलला नाही.

असं का? काहींची एक वर्षानं पुन्हा अँजिओग्राफी केली होती, तिथे एक बोलकी गोष्ट दिसली. स्टेंट टाकलेल्यांपैकी ८३ टक्क्यांची वाहिनी उघडी होती. न टाकलेल्यांपैकीही २५ टक्क्यांची आपोआप उघडली होती. पण हृदयाच्या पंपाची ताकद दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारली. नस उघडी राहिली, पंपाला तिचा वेगळा फायदा झाला नाही. मेलेला स्नायू रक्तानं जिवंत होत नाही आणि जो जिवंत होता तो झिरपण्यावर जगला होता. शिवाय जुनी गुठळी फोडताना तिचे कण पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत जाऊन अडकतात आणि झिरपण्याच्या वाटाही बुजवू शकतात.

यावर डॉक्टर मंडळींनी काय केलं? अमेरिकेत मार्गदर्शक सूचना २००७ साली बदलल्या. पुढे तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तर अशा बंद वाहिन्या उघडण्याचं प्रमाण फारसं घटलेलं नव्हतं. ज्याचा हात बसला आहे त्याला रिकामा हात ठेवणं अवघड जातं. रोग्यालाही काहीतरी करणारा डॉक्टर आवडतो. आपल्याकडे मग वेगळं काय होणार? पण स्टेंट न टाकणारा डॉक्टर आळशी असतो ही समजूत भंडाऱ्याच्या बसस्थानकावर जितकी पक्की आहे तितकी ती नसायला हवी. कधीकधी तोच डॉक्टर वाचलेला असतो, दोन्ही अर्थांनी.

आता सावधगिरी. ही गोष्ट अर्धी ऐकून कुणी स्टेंटच नको म्हणत घरी निघाला तर लेख फुकट गेला. वरचा निकाल एका नेमक्या माणसाचा आहे: पूर्ण बंद नस, काही दिवस उलटलेले, त्रास थांबलेला. पाचव्या दिवशीही छातीत दुखतंय, थोडं चाललं की दुखतंय, रक्तदाब घसरतोय, दम लागून झोपवत नाही, तर हिशेब बदलतो आणि नस उघडावी लागते. झटक्याची नस सोडून दुसऱ्या वाहिन्याही बऱ्याच अरुंद असतील तर तिथलं रान अजून हिरवं आहे, ते वाचवायचं असतं. २०१९ साली आलेल्या ४,०४१ रुग्णांच्या 'कंप्लीट' चाचणीत झटक्यानंतर अशा इतर वाहिन्यांनाही स्टेंट टाकल्यावर, तीन वर्षांच्या पाठपुराव्यात, हृदयविकारानं मृत्यू किंवा नवा झटका येण्याचं प्रमाण १०.५ वरून ७.८ टक्क्यांवर आलं. शेजारच्या कॉटवर नव्वद टक्क्यांवाल्याला स्टेंट आणि आपल्याला गोळ्या, यात म्हणूनच विसंगती नाही. नव्वद टक्के बंद वाहिनीपुढचा स्नायू बहुधा जिवंत असतो. शंभर टक्के हा आकडा जास्त भयंकर वाटतो खरा, पण होणारं नुकसान तिथे होऊन गेलेलं असतं.

आणि हृदय फार कमजोर झालेलं, तिन्ही वाहिन्या खराब, अशा काहींना बायपासचा फायदा होतो, पण तो दिसायला वर्षं लागतात. १,२१२ रुग्णांच्या एका चाचणीत दहा वर्षांनी नुसत्या औषधांवरचे ६६ टक्के दगावले होते, बायपास केलेल्यांपैकी ५९ टक्के. अशाच कमजोर हृदयांत स्टेंट टाकून मात्र, २०२२ साली आलेल्या ब्रिटिश चाचणीत, मृत्यू कमी झाले नाहीत.

आता मागे, त्या पहिल्या तासांकडे.

भंडारा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे बारा लाख माणसं, त्यांतली पाचांतली चार खेड्यात. भंडारा शहरातून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, लाखांदूरहून शंभराच्या वर. अँजिओप्लास्टीसाठी बहुतेक जण नागपूरची वाट धरतात. आता रोवणीच्या दिवसांत सकाळी आठला चिखलात वाकलेल्या माणसाच्या छातीत भरून आलं असं समजा. तो बांधावर बसतो. गॅस झाला म्हणतो. कुणी सोडा आणतं, कुणी पाठ चोळतं. घामानं अंग भिजलेलं असतं, पण रोवणीत घाम कुणाला येत नाही? दुपारी गावातला डॉक्टर ॲसिडिटीचं इंजेक्शन देतो. संध्याकाळी दम लागतो तेव्हा गाडी निघते. रात्री नागपूर. बारा तास संपलेले असतात.

ही कल्पना वाटते तितकी काल्पनिक नाही. देशातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची 'क्रिएट' ही नोंदवही २००८ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या झटक्याचा भारतीय रुग्ण दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला मध्यम हिशेबानं ३६० मिनिटं घेत होता. सहा तास! रुग्णालयात शिरल्यावर गुठळीचं इंजेक्शन मिळायला मात्र पन्नासच मिनिटं लागत होती. म्हणजे उशीर दाराबाहेर होत होता. त्याच नोंदवहीत दुसरी नोंद आहे, ती मला जास्त बोचते. तीस दिवसांत गरिबांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५. संशोधकांनी मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला तेव्हा ही तफावत नाहीशी झाली. गरिबाचं हृदय काही वेगळं नसतं. त्याला मिळालेली औषधं वेगळी होती.

नागपूर लांब आहे म्हणून भंडाऱ्याच्या माणसानं हातपाय गाळायचं कारण नाही. नियम असा आहे की दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं. टेनेक्टेप्लेज हे औषध एकाच झटक्यात शिरेतून देता येतं. ज्यांना मेंदूत रक्तस्राव होऊन गेला आहे किंवा नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे अशांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टर भराभर चार प्रश्न विचारतात. त्या वेळी चिडायचं नसतं. हे इंजेक्शन पहिल्या तासात मिळालं तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७, तिसऱ्यात २६. त्यानंतर चोवीस तासांच्या आत नागपूरला अँजिओग्राफी करून उरलेलं काम करायचं. तमिळनाडूत २०१२ ते २०१४ दरम्यान लहान रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि मोठी केंद्रं अशी एकमेकांना जोडून दाखवली. २,४२० रुग्णांत वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. ईसीजी वेळेवर काढला, तो वेळेवर वाचला गेला, आणि गाडी योग्य दाराशी गेली.

तुमसर आणि साकोलीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, २०१४ पासून १०८ची गाडी आहे. ईसीजीचा कागद मोबाइलवर फोटो काढून नागपूरला पाठवायला एक मिनिट लागतं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे हा जगभरचा नियम आहे, आणि तो मागण्याचा हक्क पेशंटच्या पोराला आहे.

पण समजा, उशीर झालाच. नस बंद राहिली, माणूस वाचला, घरी आला. पुढची दहा-वीस वर्षं कशावर ठरतात?

एका आकड्यावर पुष्कळ. डिस्चार्ज कार्डावर 'ईएफ' असं लिहिलेलं असतं. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आपल्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतो, ते. निरोगी माणसात ५५च्या वर. चाळीसच्या खाली म्हणजे पंप कमजोर. मात्र झटक्याच्या आठवड्यात काढलेल्या टूडी इकोवरून आयुष्याचा निकाल लावू नये. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आणि तो आठवड्यांनी जागा होतो. म्हणून सहा आठवड्यांनी इको पुन्हा काढतात. तेव्हाही ३५च्या खाली असेल तर ठोके अचानक बिघडून मृत्यू येण्याचा धोका मोठा असतो आणि वेगळ्या यंत्राचा विचार करावा लागतो. हा दुसरा इको किती जण काढतात? पहिल्याचा कागद पत्र्याच्या पेटीत जातो, आणि दुसरा निघतच नाही.

मग गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, त्यांतली एक बहुधा वर्षभर आणि अ‍ॅस्पिरिन कायमची. कोलेस्टेरॉलची, तीही भरपूर मात्रेची. कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी ही गोळी द्यायची, कारण तो फाटणारा पापुद्रा तिनं घट्ट होतो. रक्तदाबाच्या आणि पंपाच्या गोळ्या ईएफ पाहून. चार-पाच गोळ्यांची ही मूठ दिसायला किरकोळ, पण बंद नसेच्या माणसाला खरा उपचार हाच आहे. 'ऑक्लुडेड आर्टरी'मध्ये नस न उघडलेले लोक स्टेंटवाल्यांइतके टिकले ते या गोळ्यांवर. खेड्यात गोळ्या का सुटतात याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. बरं वाटतंय. गोळ्या गरम पडतात. संपल्या, आणि तालुक्याला जाणं झालं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' या अनेक देशांतल्या पाहणीत गरीब देशांत हृदयरोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी ८० टक्के लोक यांतली एकही गोळी घेत नव्हते.

इथे आपल्या व्यवस्थेचं एक व्यंग नोंदवायला हवं. अँजिओप्लास्टीसाठी योजना आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. तेव्हा औषधवाल्या स्टेंटला ती २९,६०० रुपये ठरली होती. म्हणजे मोठ्या खर्चाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. महिन्याच्या गोळ्यांसाठी कुणी उद्घाटनाची फीत कापत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जनऔषधी केंद्रात याच गोळ्या कमी पैशांत मिळतात. हे नागपूरहून परतणाऱ्या प्रत्येक पेशंटला डिस्चार्जच्याच दिवशी कुणी समजावून सांगितलं तर किती फरक पडेल!

आणि खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटून घोटून केलेला ऐवज. पानठेल्यावर त्याची लय ऐकू येते. 'मी बिडी-सिगारेट ओढत नाही, फक्त खर्रा खातो' हे वाक्य हृदयरोग्यांच्या तोंडी असतं, आणि ते अशा सुरात असतं की जणू व्यसन नाहीच. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना पहिल्या झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ जेमतेम ४ टक्के, खाणारे मात्र २४ टक्के. धूम्रपान सोडलेल्या हृदयरोग्यांचे मृत्यू न सोडणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होते, असं वीस अभ्यास एकत्र करून दिसलं. इतका फायदा देणारा स्टेंट अजून निघालेला नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' चालवलं. त्यांना स्वतःला चाळिशीत झटका येऊन गेला होता, आणि त्यानंतरच्या बदलांवर लिहिलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मराठी घरांत खूप वाचलं गेलं. बंगांनी तंबाखू खाल्ली नव्हती, तरी झटका आला, हे खरं. खाणाऱ्यानं त्याचा आधार घेऊ नये.

काम करू द्यायचं का, हा प्रश्न घरच्या बाईला पडतो. माणसाला खाटेवर बसवून ठेवतात, बादली उचलू देत नाहीत. त्यानं तो खचतो. झटक्यानंतर उदासी येणं फार सामान्य आहे आणि उदास माणूस गोळ्याही टाळतो. ईएफ ठीक असेल तर आठवडाभरात घरात फिरणं, मग रोज थोडं थोडं वाढवत अर्धा तास चालणं, दीड-दोन महिन्यांत बहुतेक कामं. नांगरणी-पोती उचलणं मात्र डॉक्टरला विचारून. एवढं चालूनही छातीत भरून येत नसेल तर ती चांगली खूण आहे, येत असेल तर ते लपवू नये.

पहिलं वर्ष सुखानं गेलं की लोक समजतात सुटलो. स्वीडननं झटका आलेल्या ९७ हजारांहून जास्त लोकांची नोंद ठेवली. वर्षभर काहीही न झालेल्यांपैकीही पाचांतल्या एकाला पुढच्या तीन वर्षांत नवा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू आला. स्वीडनमध्ये, जिथे गोळ्या घरपोच मिळण्याइतकी सोय आहे.

म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा ईसीजी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ खुंटीला टांगून ठेवा. पुन्हा छातीत भरून आलं, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात जड झाला, साखरेच्या पेशंटला नुसताच दम लागला, तरी सोडा आणायला धावू नका. १०८ लावा, रक्तस्रावाचा त्रास किंवा ॲलर्जी नसेल तर अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, आणि ती पिशवी सोबत घ्या. दुखायला किती वाजता लागलं ती वेळ पिशवीवरच पेनानं लिहा. दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न तोच विचारतात.